टिकलीभोवतीचं खळं

आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं काम करते आहे. रायगडच्या किनाऱ्यावरचं तालुक्याचं गाव, अलिबागपासून एसटीने दीड तास. हॉस्पिटल लहानच. तळमजला आणि वर एक मजला एवढीच इमारत, मागे नारळाची वाडी, आणि त्या वाडीकडे खिडकी असलेली माझी खोली. रक्त, लघवी, थुंकी आणि पू यांत माझा दिवस जातो. घरी कधी कामाचं बोलायला लागले की नवरा ताटावरून मान वर न करता म्हणतो, "जेवून घेऊ, मग सांग."

या कामातलं मला सर्वांत आवडणारं काम म्हणजे जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघणं. जखमेतला पू आला की त्यातला जंतू आधी वेगळा काढायचा. मग समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीच्या बशीवर तो सगळीकडे सारखा पसरायचा आणि वर औषधात भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या. कपाळाला लावतो तेवढ्याच. बशी उबेत ठेवून दुसऱ्या दिवशी काढली की जंतूंची साय धरलेली असते. जे औषध चालणार असेल त्याच्या टिकलीभोवती मात्र स्वच्छ गोल उरतो, चंद्राला पडतं तसं खळं. मी पट्टीने ते खळं मोजते, कागदावर लिहिते आणि वॉर्डात पाठवते. डॉक्टर त्यावरून औषध ठरवतात. इतकं साधं आहे.

ज्या मावशींबद्दल मला सांगायचं आहे त्या कोळीवाड्यातल्या. साठी ओलांडलेल्या, बाजारात मासळी विकणाऱ्या. शिंगाळा साफ करताना त्याचा काटा उजव्या तळव्यात खोल गेला होता. दोन दिवस त्यांनी हळद लावली, मग कुठूनशा गोळ्या आणून खाल्ल्या, आणि आमच्याकडे आल्या तेव्हा हात कोपरापर्यंत सुजून चकचकीत झाला होता. सर्जननी त्याच दिवशी चीर देऊन पू काढला. तो माझ्याकडे आला. साधाच जंतू निघाला, बहुतेक टिकल्यांना भरपूर खळं पडलं. औषध सुरू झालं आणि चार दिवसांत सूज उतरली.

रोज सकाळी रक्त घ्यायला मी वॉर्डात जात असे. मावशी डावा हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "हळू टोच बाय. सध्या हाच एक हात माजा हाय." बायका-पुरुषांचा वॉर्ड एकच, त्यामुळे शेजारच्या खाटेवर माणगावकडचे एक निवृत्त मास्तर होते, मधुमेहाने पाय चिघळलेला. ते पेपर मोठ्याने वाचायचे आणि मावशी प्रत्येक बातमीवर आपलं मत द्यायच्या. मास्तरांना त्याचा राग येत नसे. मला वाटतं, ते मुद्दाम थांबून वाट बघत असत.

नवव्या दिवशी मावशींना पुन्हा ताप भरला. बरी होत आलेली जखम उलटली, कडा काळ्या पडल्या. पुन्हा पू माझ्याकडे आला.

पहिल्या बशीवर जे वाढलं ते गुलाबी, ओलं आणि चिकट होतं. काडीने उचलायला गेले तर तार सुटली, एकतारी पाकासारखी. असा जंतू मी पूर्वीही पाहिला होता. तेव्हा विशेष काही वाटलं नाही. तो पसरून वर टिकल्या ठेवल्या आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी उबेच्या कपाटातून बशी काढली आणि झाकण न उघडता खिडकीच्या उजेडात धरली. एकाही टिकलीभोवती खळं नव्हतं. एकाही. साय बशीच्या या काठापासून त्या काठापर्यंत सलग होती आणि टिकल्यांच्या कडांना खेटून वाढलेली होती. आमच्याकडची सगळ्यांत भारी औषधं, जी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात, त्यांच्या टिकल्यांनाही ती अगदी बिलगून होती.

मला आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. टिकल्या जुन्या झाल्या असतील, फ्रीज बंद पडला असेल. आमच्याकडे तपासण्यापुरता एक माहितीतला, गरीब जंतू कायम पाळलेला असतो. त्याच डबीतल्या टिकल्या मी त्याच्यावर ठेवल्या आणि मावशींचा जंतू पुन्हा नव्याने पसरला. दुसऱ्या दिवशी दोन्ही बशा शेजारी ठेवल्या. पाळलेल्या जंतूच्या बशीत ठसठशीत खळी. मावशींच्या बशीत काही नाही.

भीती वाटली, नाही असं नाही. पण ती नंतर. पहिल्यांदा मी नुसती बघत राहिले. माणसांनी शंभर-एक वर्षांत जेवढी औषधं शोधली त्यांतली बरीचशी त्या बशीवर मांडलेली होती, आणि कुणाच्या डोळ्यांनाही न दिसणारा एक जीव त्या सगळ्यांच्या मधून सरळ चालत गेला होता. एखाद्या उंच कड्यापुढे उभं राहिल्यावर माणूस गप्प होतो, तशी मी झाले होते.

आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडम पनवेलहून आठवड्यातून दोनदा येतात. त्या दिवशी त्यांचा वार नव्हता, तरी फोन केल्यावर दुपारपर्यंत आल्या. बशी हातात घेऊन त्यांनीही तिरपी करून पाहिली, सरळ करून पाहिली.

"एकच पेशंट?" त्यांनी विचारलं.

"आत्तापर्यंत एकच."

"मग दुसरा येईल," त्या म्हणाल्या. "असा जंतू एकटा सापडत नाही."

दोन दिवसांनी मास्तरांच्या पायातून तोच गुलाबी, तारेचा जंतू आला.

मग वरच्या खोलीत बैठक झाली. सर्जन होते, मॅडम होत्या, वॉर्डाच्या मुख्य सिस्टर होत्या, आणि अहवाल घेऊन मी. सर्जन माणूस वाईट नाही, हाताला गुण असलेला. पण ते पटकन म्हणाले, "बाई मासळीत काम करते. दिवसभर गटाराच्या पाण्यात हात. तिनंच आणला असणार आणि शेजारच्या खाटेला दिला." कुणी काही बोललं नाही. मीही नाही. खरं तर त्याच क्षणी मला आठवलं होतं की आल्या दिवशीचा मावशींचा पू मी तपासला होता आणि त्यात हा जंतू नव्हता. पण तिथं मी फक्त कागद पोचवायला गेले आहे अशी माझी समजूत होती. कागद टेबलावर ठेवला आणि गप्प बसले.

मावशींना कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत हलवलं, मास्तरांच्या खाटेला पडदा लावला. ते बरोबरच होतं. पण बातमी वॉर्डात पसरायला वेळ लागत नाही. बाकीच्या पेशंटांचे नातेवाईक त्या दारावरून जाताना पदर नाकाला लावू लागले. जेवणाचं ताट दाराशी ठेवून मावशींना हाक मारली जाऊ लागली. मी गाऊन आणि हातमोजे घालून रक्त घ्यायला गेले तेव्हा त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला, पण काही बोलल्या नाहीत. सुई काढून कापूस दाबल्यावर म्हणाल्या, "बाय, मना एक खरं सांग. मास्तरांना माज्यापासून झाला का?"

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला लागतं? मी काय आंधळी हाय?" त्या खिडकीकडे बघत होत्या. "जन्मभर लोकांना मासळी घातली. कुणाचं पोट दुखलं नाय माज्या हातच्या मासळीनं."

लॅबमध्ये परत आले आणि पहिलं काम केलं ते रजिस्टर उघडण्याचं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तारीख, मावशींचं नाव, पहिला जंतू, कुठल्या औषधाचं खळं किती. बैठकीनंतर चार दिवस ते पान माझ्या टेबलावर बंद पडून होतं, याची मला आजही लाज वाटते. रजिस्टर घेऊन मी आधी मुख्य सिस्टरांकडे गेले.

सिस्टर कडक. त्यांच्या वॉर्डात चादरीची घडीसुद्धा वाकडी चालत नाही. मला वाटलं, चिडतील. त्यांनी चष्मा लावला, पान दोनदा वाचलं आणि बोट त्या ओळीवर तसंच ठेवून म्हणाल्या, "म्हणजे आल्या तेव्हा नव्हता."

"नव्हता."

"म्हणजे आमच्याच घरातला आहे." चष्मा काढून त्या म्हणाल्या, "शोधू या. सुरुवात माझ्या हातांपासून कर."

मी ओल्या कापसाची काडी त्यांच्या तळव्यांवरून, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडेने फिरवली. त्या हात उलटे-सुलटे करून देत होत्या, शाळेत नखं तपासायला द्यावीत तसे. मग सगळ्यांचे हात झाले, सर्जनचेसुद्धा. रजिस्टरचं ते पान सिस्टरांनी त्यांना दाखवलं होतं. "मी घाईनं बोललो," एवढंच म्हणून त्यांनी हात पुढे केले. त्यानंतर ड्रेसिंगची ट्रॉली, औषधाच्या बाटल्या, दारांच्या कड्या, खाटांचे दांडे, नळ, आणि शेवटी ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिंकची जाळी. जाळीच्या भोकातून काडी आत घातली तेव्हा ती काळी होऊन बाहेर आली.

दोन दिवसांनी सगळ्या बशा काढून रांगेत मांडल्या. हात ठीक होते. बाटल्या ठीक होत्या. ट्रॉलीच्या एका कडेवर, सिंकच्या बाजूच्या, गुलाबी ठिपके होते, पाच-सहा. आणि सिंकच्या जाळीच्या बशीत जागाच उरली नव्हती. सगळी बशी गुलाबी, ओली, तारेची.

सिस्टरांना ते पटेना. "सिंक रोज घासतात. आणि जंतू मोरीत असला तर असेल, तो उडी मारून जखमेत कसा जाईल?"

मॅडमनी निळ्या शाईची बाटली मागवली. ड्रेसिंगची ट्रॉली नेहमीच्या जागी, सिंकला लागून ठेवली. ट्रॉलीवर, ओट्यावर, जमिनीवर पांढरे कागद पसरले. शाई जाळीत ओतली आणि नळ पूर्ण सोडला. नळाची धार बरोबर जाळीवर पडत होती. आम्हाला कुणालाच काही उडताना दिसलं नाही. मिनिटभराने नळ बंद करून कागद उचलले. त्यांच्यावर निळे ठिपके होते. मोठे नव्हेत, टाचणीच्या डोक्याएवढे. ट्रॉलीवरच्या कागदावर, जिथं सिस्टर स्वच्छ गॉझचा डबा उघडून ठेवत, तिथंही होते.

सिस्टरांनी तो कागद उचलून उजेडात धरला. मग त्यांनी विचारलं, "या सिंकमध्ये काय काय ओततात?" आणि उत्तरही त्यांनीच दिलं. सलाइनच्या बाटल्यांत उरलेलं ग्लुकोज. पेशंटचा राहिलेला चहा. दूध. जखम धुतलेलं पाणी. "आपणच त्याला रोज जेवायला घालत होतो," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी ट्रॉली दुसऱ्या खोलीत हलली आणि सिंकमध्ये भरपूर ब्लीच गेलं. दुसऱ्या दिवशी मी काडी फिरवली, काही वाढलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आम्ही खूश झालो. पाचव्या दिवशी बशीवर गुलाबी साय परत आली होती, जणू काही घडलंच नव्हतं.

मग प्लंबर आणून जाळीखालचा वाकडा पाइप कापला. आतून त्याला बोटभर जाड, राखाडी, गुळगुळीत थर बसलेला होता. मॅडम म्हणाल्या, जंतू एकेकटे राहत नाहीत, अशी सामाईक वस्ती करतात. वरचे मरतात, त्यांच्या आडोशाला खालचे जगतात. मी त्या थराचा नमुना लावला, तर त्यात आमच्या गुलाबी जंतूखेरीज आणखी एक निघाला. अगदी वेगळ्या जातीचा, पांढरट, कोरडा. त्याच्यावर टिकल्या ठेवल्या. त्यालाही खळं नाही.

"हा कुठून आला?" मी मॅडमना विचारलं.

"तो तिथलाच असेल, साधा. यानं त्याला शिकवलं."

"शिकवलं म्हणजे?"

मॅडमनी कागदावर दोन लंबगोल काढले आणि त्यांना जोडणारी एक बारीक नळी. एका जंतूकडे औषधाला तोंड देण्याची जी युक्ती असते ती त्याच्या अंगात एका छोट्या गोल धाग्यावर लिहिलेली असते. तो त्या धाग्याची नक्कल करतो आणि शेजाऱ्याला देऊन टाकतो. शेजारी आपल्या जातीचा आहे की नाही हेही तो बघत नाही. ही गोष्ट मी पदविकेच्या पुस्तकात वाचलेली होती, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण आमच्याच सिंकखाली, आमच्याच उरलेल्या चहावर वाढलेल्या दोन जातींनी ती केलेली बघणं निराळं होतं. जात वेगळी, विद्या एक. मी दोन्ही बशा बंद केल्या आणि बाहेर वाडीत जाऊन उभी राहिले.

तिथं मला माझे वडील आठवले. आम्ही पेण तालुक्यातले आगरी, वडिलांनी जन्म मिठागरात काढला. एप्रिलच्या उन्हात खाऱ्या पाण्याचे वाफे तांबूस व्हायला लागले की ते म्हणायचे, "पाणी रंगलं. आता मीठ धरल." लहानपणी मला तो उन्हाचा रंग वाटायचा. नंतर शिकताना कळलं की तो रंग जिवांचा असतो. जिथं मासा जगत नाही, शेवाळ नीट जगत नाही, तशा मिठाच्या घट्ट पाण्यात त्यांचं रान माजतं. सुट्टीत घरी जाऊन मी वडिलांना ते सांगितलं होतं. त्यांनी विडी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "म्हंजे एवढी वर्षं मी एकटा नव्हतो तिथं." थट्टा नव्हती ती. जीव कुठंही जगण्याची वाट काढतो, एवढंच त्यांना त्यातून दिसलं होतं, आणि त्याचा त्यांना आदर वाटला होता.

आमचा नमुना एकात एक अशा तीन डब्यांत बंद करून मांडव्याहून बोटीने मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेला. उत्तर आलं की एक औषध चालेल. जुनं औषध, मूत्रपिंडाला जड जातं म्हणून पूर्वी मागे पडलेलं. मावशींना आणि मास्तरांना ते सुरू झालं. सर्जननी मावशींच्या तळव्यातला मेलेला भाग पुन्हा काढला, आणि त्या दिवसापासून त्यांचं ड्रेसिंग ते स्वतः करू लागले. मी रोज दोघांचं रक्त घेऊन मूत्रपिंडं कशी आहेत ते बघत होते. मावशींचे आकडे थोडे वर जाऊन थांबले. मास्तरांचे थांबले नाहीत. त्यांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, आणि त्यानंतर सहाव्या दिवशी ते गेले. कागदावर मधुमेह आणि मूत्रपिंडं असं कारण लिहिलं. ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मावशींच्या खोलीत असताना सिस्टर आत आल्या. खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

"मावशी," त्या म्हणाल्या, "तुमच्या हातातला जंतू तुम्ही आणला नाही. तो आमच्याकडे होता, आमच्या सिंकमध्ये. आमच्याकडून तुम्हाला झाला. मास्तरांनाही आमच्याकडूनच झाला. तुमच्यापासून नाही."

मला वाटलं, मावशी आता भांडतील. तो त्यांचा हक्क होता.

"मंग मास्तरांच्या घरी कोन सांगल?" त्यांनी विचारलं.

सिस्टरांनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"त्यांची बायको रोज माज्याकडं बघत व्हती," मावशी म्हणाल्या. "तिला वाटतंय, मीच मारलं."

त्या आठवड्यात सिस्टर आणि सर्जन माणगावकडे मास्तरांच्या घरी गेले. तिथं काय झालं ते मला माहीत नाही. परत आल्यावर मी विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "ऐकून घेतलं त्यांनी. मग चहा दिला." आणि कपाटातल्या चादरी मोजायला लागल्या.

ते सिंक आता नाही. पाइपासकट काढून तिथं भिंत लिंपली. हात धुवायचं भांडं बाहेरच्या बाजूला आहे, त्याच्या नळाची धार जाळीवर पडत नाही, आणि त्यात हातांखेरीज दुसरं काही धुवायला बंदी आहे. दर सोमवारी मी सगळ्या जाळ्यांतून काडी फिरवते. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या एका न्हाणीघरात तो जंतू पुन्हा सापडला. तिथून कुणाला झाला नव्हता, पण होता. त्याचा बंदोबस्त केला. पुन्हा सापडेल, हे आम्ही धरूनच चालतो.

मावशी बऱ्या होऊन घरी गेल्या. दोन बोटं वाकत नाहीत, त्यामुळे मासळी कापायचं काम सुनेकडे गेलं आणि त्या फक्त बसून भाव सांगतात. तीन महिन्यांनी हात दाखवायला आल्या तेव्हा सर्जनकडून सरळ माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाय, तो कसा दिसतो? माज्या हातात काय व्हतं ते मना बघाचं हाय."

बशी दाखवणं शक्य नव्हतं. पण त्या वेळच्या पुवाची, आचेवर धरून पक्की केलेली आणि रंग दिलेली काच मी जपून ठेवली होती. ती सूक्ष्मदर्शकाखाली लावली, तेलाचा थेंब सोडला आणि स्टूल मावशींच्या उंचीला वर केलं. एक डोळा मिटायला त्यांना जमेना, म्हणून डाव्या तळव्याने त्यांनी तो झाकला. मी हळूहळू चाक फिरवत होते.

"दिसलं की सांगा."

"हां. थांब." त्यांनी डोळा आणखी जवळ नेला. "ही तांबडी, बारकी बारकी? जवल्यावानी?"

मी एवढी वर्षं त्या गुलाबी काड्या बघते आहे, पण हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. टोपलीत नुकता ओतलेला ताजा जवळा, ती बारीक कोळंबी, अगदी तसंच दिसतं ते.

"मेलेली हायत?"

"मेलेली. रंग दिलाय, म्हणून दिसतात."

"एवढीशी," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "दर्यात पन असतील अशी?"

"खूप. तिथली निराळी. बहुतेक काही करत नाहीत कुणाला."

न वाकणारी बोटं टेबलाच्या कडेवर टेकून, वाकून, त्या बघत होत्या. बाहेर रक्त द्यायला आलेली माणसं खोळंबली होती, एकाने दारातून डोकावून पाहिलं. मी त्याला पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि मावशींसाठी काच थोडी सरकवली.